बडोद्याच्या घरांतले जुने फोटो : ओळख पटवण्याच्या नोंदी

२२ जून २०२५, रविवार

दांडिया बजारातल्या एका घरातून पत्र्याची ट्रंक आली. आत काळ्या कागदाचे अल्बम, पाकिटांत सुटे फोटो आणि तळाशी, भिंतीवरून उतरवून जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेला एक मोठा गट फोटो. अल्बममधले फोटो सोडवायचे नाहीत हे आधीच ठरवून टाकले. खळ वाळून कडक झाली आहे, ओढले तर फोटोचा वरचा पापुद्राच हातात येईल. अख्खे पान स्कॅन करायचे आणि एकेक फोटो संगणकावर वेगळा काढायचा. सुट्या फोटोंच्या दोन्ही बाजू घ्यायच्या, ६०० डीपीआयवर, शेजारी मोजपट्टी ठेवून. मागे क्रमांक घालायचा तो मऊ पेन्सिलीने, कोपऱ्यात. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो.

नोंदवहीत ‘नाव’ या रकान्याला लागून ‘कोणी सांगितले’ आणि ‘कशावरून’ असे दोन रकाने वाढवले. मोडी वाचून देणारे काका म्हणाले, “अगं, काम दुप्पट होईल.” होऊ दे. घरोघरी मी हेच पाहत आले आहे : एक पिढी ‘बहुधा तात्या असतील’ म्हणते, दुसरी ‘हे तात्या’ म्हणते आणि तिसरी ते नाव चौकटीवर रंगवून भिंतीला लावते. यात कोणी खोटे बोललेले नसते. पण ‘बहुधा’ कुठे गळून पडले, ते नंतर कोणालाच सांगता येत नाही.

६ जुलै, आषाढी एकादशी

सुटे फोटो आकाराने लावले. साधारण साडेसहा बाय दहा सेंटिमीटरचे छोटे, जाड पुठ्ठ्यावर डकवलेले. त्यांहून मोठे, अकरा बाय साडेसोळाचे कॅबिनेट. पिवळट तपकिरी पडलेले, पातळ कागदाचे आहेत ते अंड्याच्या पांढऱ्यावर केलेले अल्ब्युमिन, म्हणजे बहुतेक एकोणिसाव्या शतकातले. सावलीच्या भागात चंदेरी झाक मारणारे नंतरचे, जिलेटिनचे.

कॉलेजातला एक गट फोटो घरात ‘अरविंदबाबूंच्या वेळचा’ म्हणून जपलेला आहे. अरविंद घोष बडोद्यात १८९३ ते १९०६ होते. फोटोत मागच्या रांगेत तिघांच्या डोक्यावर घडीची पांढरी गांधी टोपी आहे, ती १९२० च्या आसपास रुजली. घरच्यांना तसे सांगितले. थोडे हिरमुसले, पण मग त्यांनीच पुढच्या रांगेतला एक चेहरा दाखवला, त्यांच्या आजोबांचा, आणि ती ओळख पक्की आहे : दुसऱ्या अल्बममध्ये त्याच कोटातला एकट्याचा फोटो सहीसकट आहे.

१३ जुलै

मोठा गट फोटो. क्रमांक ४१. आजचा सगळा दिवस त्याच्यावरच गेला आणि पुढेही जाईल.

वाड्याचा चौक, मागे कोरीव खांब. मागच्या रांगेत पाच पुरुष उभे. त्यांच्यापुढे खुर्च्यांवर पाच बायका, मधल्या बाईच्या मांडीवर तान्हे मूल. खाली सतरंजीवर पोरे. अगदी पुढे, मधोमध, एक सात-आठ वर्षांचा मुलगा उभा : गोटा केलेले डोके, शेंडी, लंगोटी, हातात दंड. म्हणजे मुंज. एका कडेला अंगावरून तिरका पट्टा घेतलेला पट्टेवाला. दुसऱ्या कडेला खांबाला टेकून, निम्मी चौकटीबाहेर गेलेली एक बाई, कडेवर मूल.

हा मूळ फोटो नाही. चारही कोपऱ्यांत पिनांच्या बारीक सावल्या आहेत, म्हणजे मूळ फोटो भिंतीवर टाचून त्याचा फोटो काढला. आजोबांनी तेच सांगितले (ट्रंक त्यांच्या घरची, मुंज झालेला मुलगा म्हणजे त्यांचे वडील). मूळ फोटोला वाळवी लागली तेव्हा, १९७० च्या सुमारास, स्टुडिओतून ही प्रत करून घेतली. मूळ पुठ्ठ्यामागची मोडीतली चिठ्ठी तेवढी सोडवून प्रतीच्या मागे डकवली. चौकटीवर रंगाने ‘१९१०’ लिहिले आहे.

पुरुषांची डोकी पाहावीत. तिघांना पगडी, दोघा तरुणांना गोल काळी टोपी. पगडी ही बांधून तयार केलेली, टोपीसारखी उचलून डोक्यावर ठेवायची. फेटा दर वेळी नव्याने गुंडाळायचा. म्हणून फोटोत फेट्याचे वळसे दर खेपेला वेगळे पडतात, पगडीचा घाट मात्र तसाच राहतो आणि तो घाट गाव सांगतो. तीनपैकी दोन पगड्या एकाच घाटाच्या. तिसरी वेगळी, पुढे चोच काढलेली, तिरकी : शिंदेशाही. हे गृहस्थ प्रतीत अगदी उजव्या टोकाला उभे आहेत.

२० जुलै

काकांनी चिठ्ठी वाचली. मोडीत आधी ओळ ओढून तिला अक्षरे टांगत जायची, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्द सुटे नाहीत. त्यातून शाई उडालेली. काका ओळीवर बोट न टेकवता, हवेत फिरवत वाचत गेले. लागले ते असे :

माघ शके १८३२. चिरंजीवाच्या मुंजीप्रीत्यर्थ. पुरुष, डावीकडून : ग्वाल्हेरचे व्याही, ती. बापूसाहेब, तात्या, पुढची दोन नावे फाटलेली. बायका, डावीकडून : सौ. वहिनी, गं. भा. आत्याबाई, सौ. माई, सौ. काकू, इंदूरची मावशी.

आधी वर्ष. शकात ७८ मिळवून १९१० काढले असणार. पण माघ येतो इंग्रजी वर्ष उलटल्यावर, तेव्हा ७९ मिळवायचे. मुंज १९११ च्या सुरुवातीची. बडोद्यात आणखी एक गुंता असतो : काही घरांत संवत लिहितात, तोही कार्तिकात बदलणारा गुजराती संवत. माघ संवत १९६६ म्हणजे १९१० आणि माघ शके १८३२ म्हणजे १९११. नुसता ‘माघ’ वाचून पुढे जाता येत नाही, आकड्याच्या मागचा शब्द बघावा लागतो.

मग नावे. घरात पूर्वीपासून चिठ्ठी आणि फोटो समोरासमोर धरून ओळख लावलेली आहे. डावीकडून दुसरी बाई पांढऱ्या लुगड्यात, म्हणून त्या गं. भा., म्हणजे विधवा, आत्याबाई. चौथी काळपट लुगड्यात, त्या सौ. काकू. चिठ्ठीशी जुळते, वेषाशी जुळते.

मला दोन गोष्टी खटकतात. ग्वाल्हेरचे व्याही चिठ्ठीत पहिले आहेत आणि शिंदेशाही पगडी शेवटी आहे. दुसरे म्हणजे पाचही बायकांचा पदर उजव्या खांद्यावर आहे.

२७ जुलै

पदराबद्दल आजोबा म्हणाले, “बडोद्यात राहून गुजराती वळण पडले असेल हो.” असे होत असे, हे खरे. पण गुजराती पदर मागून उजव्या खांद्यावर येऊन छातीवर पसरतो. इथे पदर पुढून खांद्यावर जाऊन पाठीमागे गेला आहे आणि खाली पायाशी कासोटा स्पष्ट दिसतो. ही आपली नऊवारीच, फक्त खांदा उलटा.

स्कॅन मोठा करून बटूवर आले. जानवे उजव्या खांद्यावरून डाव्या कुशीत. हे अपसव्य झाले, पितृकार्यातले. मुंजीच्या दिवशी नुकतेच जानवे घातलेल्या मुलाला कोणी अपसव्य करून उभा करणार नाही. बापूसाहेबांच्या कोटाची उजवी पट्टी डावीवर आली आहे. आणि पट्टेवाल्याच्या बिल्ल्यावर अक्षरे आहेत, ती वाचता येत नव्हती ती झिजल्यामुळे नव्हे. स्कॅन आडवा उलटवला आणि ‘खानगी’ हा शब्द लख्ख समोर आला. खाली आकडाही आहे.

प्रत करताना निगेटिव्ह उलटी छापली गेली. पन्नासएक वर्षे हा फोटो भिंतीवर उलटाच आहे.

सुलटा केल्यावर शिंदेशाही पगडी डावीकडून पहिली आली. पदर डाव्या खांद्यांवर गेले. माई मधल्या, त्या जागच्या जागी. आणि दुसरी-चौथी यांची अदलाबदल झाली : काळपट लुगड्यातल्या बाई आत्याबाई, पांढऱ्या लुगड्यातल्या काकू.

चिठ्ठी मूळ पुठ्ठ्यावरची आहे, तेव्हा ती मूळ फोटोलाच धरून असणार. तरीही आजोबांना लगेच सांगायचे नाही असे ठरवले. ज्या बाईला त्या घराने तीन पिढ्या विधवा आत्या म्हणून हार घातला ती सवाष्ण होती, हे सांगायचे तर फक्त डाव्या-उजव्याच्या हिशेबावर सांगू नये. अंगावरचे कपडे काय म्हणतात ते आधी नीट पाहू.

३ ऑगस्ट

पांढरे म्हणजे पांढरेच का, हा आजचा प्रश्न.

तेव्हा फोटो काचेवर घेत आणि त्या काळच्या काचांना लाल रंग जवळजवळ दिसतच नसे. निळा मात्र भरपूर दिसे. त्यामुळे फोटोत लाल काळपट येतो आणि फिका निळा पांढऱ्याकडे झुकतो. कपाळावरचे कुंकू जुन्या फोटोंत काळे ठिपके होऊन येते ते यामुळेच.

स्कॅनिंग करणारी आमची कॉलेजातली मुलगी म्हणाली, करूनच पाहू या. तिच्या गच्चीवर दोरीला चार कपडे टांगले : आलवणाच्या (विधवांच्या लाल लुगड्याच्या) रंगाचे तांबडे सुती कापड, हळदीत बुडवलेला पंचा, आकाशी इरकली आणि एक खरोखरचे पांढरे धोतर. फोटो काढला आणि संगणकावर त्यातला लाल भाग काढून निळा-हिरवा तेवढा ठेवून करड्या रंगात आणला. तांबडे कापड कोळशासारखे झाले. पंचा करडा. इरकली आणि धोतर यांत दोघींनाही पटकन फरक सांगता येईना. काठाचा लाल पट्टा काळा होऊन आला, त्यावरूनच इरकली ओळखली.

पुन्हा ४१. पांढऱ्या लुगड्याला रुंद काळा काठ आहे. कपाळावर काळा ठिपका आहे. मान किंचित वळलेली असल्याने नथ गालाच्या सावलीत गेली आहे, पण १२०० वर स्कॅन केल्यावर मोत्यांचे तीन टपोरे ठिपके दिसले. गळ्यात तन्मणी, हातांत पाटल्या. ही सवाष्ण आहे.

काळपट लुगड्याबद्दल घाई नको, कारण काळी चंद्रकळा सवाष्णीही नेसत, आणि माघ म्हणजे संक्रांत नुकतीच झालेली. पण चंद्रकळेला काठ असतो. इथे काठ नाही, पदराला काही नाही, एकच सपाट गडद रंग. पदर डोक्यावरून घट्ट ओढून कानामागे दाबलेला, केसांचा फुगवटा कुठेही नाही. मनगटे मोकळी. हे लाल आलवण.

विधवा बाईला मंगलकार्यात मागच्या खोलीत बसवण्याचे ते दिवस. या घराने आत्याबाईंना खुर्चीवर, ओळीत, बटूच्या पाठीशी बसवले आणि चिठ्ठीत दुसरे नाव त्यांचे घातले. ते नाव आता चुकीच्या बाईवर राहू नये असे मला फार वाटते.

एक जोड नोंद : याच ट्रंकेतल्या दोन फोटोंना नंतर हाताने रंग दिला आहे. त्यातले लुगड्यांचे रंग पुरावा म्हणून धरायचे नाहीत. रंगवणाऱ्याने समोर काळे-पांढरे पाहून आपल्या मनाने भरलेले आहेत.

१० ऑगस्ट

अल्बम तीन. एका पानावर डौलदार बाईचा फोटो, खाली पेन्सिलीने ‘आत्या’. चेहरा पाहताच काका आणि मी एकदमच म्हणालो : नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व. स्त्री-भूमिकेतला त्यांचा फोटो, पोस्टकार्डाच्या आकाराचा. गंधर्व नाटक मंडळी १९१३ ला निघाली, बडोदे दरबारचा तिला आश्रय होता, इथल्या घरांत तिचे वेड होते. फोटो विकत घेऊन अल्बममध्ये लावणे साहजिकच. शेजारी रिकामी जागा आहे, चार खळीचे डाग. ‘आत्या’ हा शब्द त्या डागांच्या जास्त जवळ आहे. आत्यांचा फोटो निघून गेला आणि नाव शेजारच्याला चिकटले, असे दिसते. नोंदीत दोन्ही लिहिले, आणि निसटलेला फोटो पाकिटांत शोधायचा असे लाल अक्षरात.

पुढच्या पानांवरच्या बायकांचे पदर, गजरे, पोलक्यांच्या बाह्या पाहा : बालगंधर्वांच्या वेषाचा छाप उघड दिसतो. अशा फोटोंचा काळ ठरवायला तो छाप उपयोगी आहे. माणूस ओळखायला नाही, कारण तेव्हा सगळ्याच तशा नेसत होत्या.

२४ ऑगस्ट

मांडवीकडच्या दुसऱ्या एका घराचे फोटो. सिंहाच्या पंजाचे पाय असलेली, पाठीला तडा गेलेली खुर्ची दिसली. हीच खुर्ची दांडिया बजारच्या ट्रंकेत दोन फोटोंत आहे. स्टुडिओ एकच. एका फोटोवर साल असल्याने बाकीच्यांना आधार मिळाला. गणपती जवळ आले, आता लोकांना वेळ नाही.

१५ सप्टेंबर, अविधवा नवमी

आज आजोबांनीच बोलावले. त्यांच्याकडे या दिवशी सवाष्ण जेवू घालतात. वडील आपल्या आईसाठी करत, तेच यांनी चालू ठेवले. त्यांची आजी तरुणपणीच, नवऱ्याच्या आधी गेली. यांनी तिला पाहिले नाही. “तिचा एकही फोटो नाही,” हे ते पूर्वीही म्हणाले होते.

जेवणे झाल्यावर विचारले, “आजोबा, तुमचे वडील त्यांच्या आईला काय हाक मारायचे?”

“काकू. एकत्र घर ना, चुलत भावंडे काकू म्हणायची, म्हणून तेही काकूच म्हणत. गोष्ट सांगतानासुद्धा ‘आमची काकू’ म्हणत.”

मग सुलटा केलेला फोटो काढला. बटूचे जानवे दाखवले, पदर दाखवले, बिल्ला वाचायला दिला, गच्चीवरच्या कपड्यांचा फोटो दाखवला, आणि शेवटी चिठ्ठीतले बायकांमधले चौथे नाव. आजोबांनी भिंग मागितले. नथीचे मोती त्यांनी स्वतः शोधले. बराच वेळ पाहून म्हणाले, “म्हणजे रोज जिच्याकडे बघून चहा घेतो ती माझी आजी.” सुनेने आतून देवघरातला कुंकवाचा करंडा आणला.

मी नाव विचारले. काकू हे नाते झाले. तर त्यांनी पोथीच्या फडक्यातून घडी केलेला कागद काढला : महालयासाठी वडिलांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली यादी. पिता, पितामह, प्रपितामह यांच्यानंतर माता, आणि पुढे तिचे नाव, गोत्रासकट. खाली चुलते, मामा यांच्या ओळीत पितृभगिनी, तिचेही नाव. आत्याबाई. दोन्ही बाया एकाच कागदावर सापडल्या.

जुन्या घरांत बायकांची नावे शोधायची तर ती इथे असतात. फोटोमागे सौ. काकू, गं. भा. आत्याबाई एवढेच लिहितात, पण तर्पणाला नाव उच्चारावे लागते, तिथे नात्यावर भागत नाही. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतही तशी नावे मिळतात. यापुढे प्रत्येक घरी फोटोंसोबत श्राद्धाची यादी विचारायची.

कुटुंबाच्या इच्छेप्रमाणे नावे इथे देत नाही. नोंदवहीत दोघींची पूर्ण नावे घातली आहेत, नात्याने नव्हे. ‘कशावरून’ या रकान्यात : मोडी चिठ्ठी, सुलटा फोटो, वेष, महालयाची यादी, आजोबांचे सांगणे. वहिनी आणि माई यांची नावे अजून लागायची आहेत, इंदूरच्या मावशींच्या माहेरी पत्र टाकले आहे.

२१ सप्टेंबर, सर्वपित्री

४१ ची नवी प्रत सुलटी छापून चौकटीत गेली. आजोबांनी चौकटीवरचे १९१० खरवडून १९११ करून घेतले.

राहिले ते दोघे, जे चिठ्ठीत नाहीत. खांबाशी उभी बाई आणि पट्टेवाला. आमच्यातल्या एकाने रकान्यात ‘नोकर’ लिहिले होते, ते मी काढले. बाईंपुढे लिहिले : ‘नाव चिठ्ठीत नाही, कडेवर मूल, पदर डोक्यावर, हातांत चांदीचे गोठ, पायात काही नाही, मूल तिच्याकडे तोंड करून.’ मांडीवरचे तान्हे आणि हे मूल वेगळे आहे. ते मूल घरातले की तिचे स्वतःचे, हे आजोबांच्या चुलत बहिणीला विचारायचे आहे; त्या भरूचला असतात, दिवाळीला येतील.

पट्टेवाल्याचा मात्र धागा आहे. खानगी म्हणजे राजवाड्याचे खाजगी खाते. बापूसाहेब त्या खात्यात होते, हे घरात माहीत आहे. बिल्ल्यावरचा आकडा सुलट्या स्कॅनमध्ये स्वच्छ वाचता येतो. खात्याची १९११ ची पगारपत्रके संस्थानाच्या जुन्या दफ्तरात असली तर त्या आकड्यापुढे नाव असू शकेल. दफ्तर पाहण्यासाठी अर्ज लिहून ठेवला आहे. सोमवारी देणार. सोबत बिल्ल्याचा मोठा केलेला फोटो जोडला आहे.